शोभेचे लव्हाळे परड्यात कुठं लावावेत?

प्रश्न असा आला आहे. घर बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या बाजूला, ४० बाय ६० चा प्लॉट, मागं परडं. नर्सरीतून तीन कुंड्या आणल्यात: अंब्रेला पाम, पपायरस आणि पिवळ्या पट्ट्यांचं केरेक्स. डोळ्यांसमोर जागाही तीन आहेत: गेटजवळची भिंत, न्हाणीचं पाणी जातं ती चर आणि विहिरीचा कठडा. परड्यामागून पावसाळी ओहोळ जातो, त्याच्या पलीकडं भात. कुठलं झाड कुठं लावावं?

आधी निकाल सांगतो. अंब्रेला पामला न्हाणीचंच पाणी द्या, पण उघड्या चरीत लावू नका, बांधलेल्या वाफ्यात लावा. पपायरस मोठ्या बिनभोकाच्या भांड्यात, जिथं ऊन आहे आणि पश्चिमेचा वारा अडतो तिथं. केरेक्स घराच्या उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीशी. विहिरीजवळ आणि ओहोळाकडं यातलं काहीही नको.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. थंडी सोसवण्यासारखी, पाऊस भरपूर. अंब्रेला पाम आणि पपायरस इथं जगवायला काही करावं लागत नाही, अडचण पुढची असते. म्हणून या दोघांची जागा ठरवताना एकच गोष्ट बघायची: हे झाड वाढत वाढत जाऊन कुठं अडणार आहे? अडवणारं काही नसेल तर ती जागा बाद, मग ती दिसायला कितीही छान असो.

अंब्रेला पाम नावाला पाम. जातीनं ते लव्हाळाच. शास्त्रीय नाव सायपेरस इन्व्होल्युक्रेटस, नर्सरीत बहुतेक वेळा सायपेरस आल्टर्निफोलियस म्हणून विकतात. उंची ४ ते ५ फूट. ते तीन वाटांनी पसरतं. पहिली, जमिनीलगतचं आडवं लाकडी खोड. ते दरवर्षी वीतभर तरी पुढं सरकतं आणि ओल मिळाली की नवे दांडे उभे करतं. दुसरी वाट बियांची: दांड्याच्या टोकाला पानांची छत्री असते, तिच्यावरचा तपकिरी फुलोरा वाळला की बारीक बी पाण्याबरोबर आणि चिखलाच्या चपलांबरोबर फिरतं. तिसरी वाट लोकांच्या ध्यानात येत नाही. दांडा वाकून छत्री पाण्याला टेकली की पानांच्या बेचक्यातून मुळं फुटतात आणि दोन-तीन आठवड्यांत नवं रोप तयार होतं. रोपं करायची रीतही हीच: छत्री दोन इंच दांड्यासकट कापायची, पानं निम्मी छाटायची आणि बादलीत उलटी तरंगत ठेवायची. बादलीत जे सहज होतं ते ओहोळातही तितक्याच सहज होतं.

म्हणूनच ओहोळाकाठी लावू नका असं निक्षून सांगतो. कापून टाकलेली एक छत्री पलीकडच्या खाचरात गेली तर तिला तिथं हवं ते सगळं मिळतं: उथळ पाणी, चिखल, ऊन. भातात लव्हाळ्याच्या जाती आधीच कमी नाहीत, त्यात आपल्या हौसेची भर नको. शहापूर-वडगावच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी शेतात शिरलं की काय काय वाहून येतं हे तिथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. मागची हद्द ठरवताना नेहमीचा पाऊस धरू नका. २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात ओहोळाचं पाणी कुठवर चढलं होतं ते शेजारच्या जुन्या माणसांना विचारा आणि त्या रेषेच्या ओहोळाकडच्या बाजूला यातली एकही कुंडी ठेवू नका.

विहिरीचं कारण वेगळं आहे. आपल्याकडचे कठडे बहुतेक जांभ्या चिऱ्याचे, आणि चिऱ्यांचे सांधे कधी ना कधी पोकळ होतातच. लव्हाळ्याची मुळं चिरा फोडत नाहीत, पण सांध्यातल्या ओलीमागं आत उतरतात, मग गाळ काढायच्या वेळी कठड्याला हात लावावा लागतो. छत्र्या पाण्यात पडून रुजतात ते निराळंच. शिवाय दाट बुंध्यात जनावर, म्हणजे साप, बसायला गार जागा होते, आणि विहिरीवर माणसाचं जाणं-येणं अंधारातही असतं.

आता जागेवर जाऊन माती बघा. एक फूट लांब, रुंद आणि खोल असा खड्डा काढा, पाण्यानं भरा, एकदा पूर्ण जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी किती वेळात जातं ते मोजा. हिंडलगा, कंग्राळी, मच्छे, खानापूर या पट्ट्यातल्या तांबड्या मुरमाड मातीत ते बहुतेक वेळा तास-दोन तासांत जिरतं. बैलहोंगल, अथणी किंवा चिकोडीकडच्या काळ्या मातीत रात्रभर तसंच राहतं. काळ्या मातीत अंब्रेला पाम पावसाळाभर सुखात असतं आणि त्याच सुखात हात-पाय पसरतं, तिथं बांध पक्का हवा. तांबड्या मातीत उलट होतं. मार्च-एप्रिलमध्ये ओल तुटते, शेंडे करपतात आणि झाड ओलीच्या मागं, म्हणजे नळाच्या जोडाकडं नाहीतर शोषखड्ड्याकडं, सरकायला लागतं. त्यामुळं शोषखड्डा, सेप्टिक टँक आणि जमिनीतली पाइपलाइन यांच्यापासून जमिनीत लावलेलं अंब्रेला पाम किमान ३ मीटर लांब ठेवा, कंपाउंडच्या भिंतीपासून २ फूट आणि घराच्या पायापासून मीटरभर.

लावण्याआधी कुंडीची झडती घ्या. नर्सरीच्या मातीत आपला नेहमीचा लव्हाळा, ज्याला मोथा म्हणतात तो, हटकून लपलेला असतो. कुंडी उलटी करून मातीचा गोळा बाहेर काढा आणि कडेच्या दोन इंचांत बोटं घालून बघा. शेंगदाण्याएवढ्या काळसर, खरबरीत गाठी बारीक तारेसारख्या मुळीनं एकीला एक जोडलेल्या दिसल्या तर तो मोथा. गाठ फोडली की आत पांढरी आणि वास उग्र. अंब्रेला पामला अशा सुट्या गाठी कधीच नसतात, त्याचं खोड बोटाएवढं जाड, खवल्याखवल्यांचं आणि सलग असतं. गाठ सापडली की माती पूर्ण धुऊन काढा, मुळं पाण्याखाली मोकळी करा आणि नव्या मातीत लावा. ती जुनी माती वाफ्यात टाकायची नाही. मोथा एकदा शोभेच्या बुंध्यात घुसला की खुरप्यानं निघत नाही. उसात लव्हाळ्यासाठी मारतात ते हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल इथं वापरायचा मोह होईल. ते लव्हाळ्याच्या कुळावर चालणारं तणनाशक आहे, शोभेच्या झाडालाही इजा करेल.

आता न्हाणीच्या पाण्याचा वाफा. तुमच्या परड्यातली ही सगळ्यांत चांगली संधी आहे, म्हणून नीट सांगतो. उघड्या चरीत लावलं तर मुळं चर तुंबवतात, पाणी साचतं, डास होतात आणि झाड चरीबरोबर ओहोळापर्यंत पोचतं. तेच पाणी खडीच्या बंद वाफ्यातून नेलं तर झाड अडतं आणि पाणीही बरंच निवळतं.

घरातलं सगळं सांडपाणी घ्यायचं तर बराच मोठा वाफा लागतो. तेवढी जागा नसते, तेव्हा फक्त अंघोळीचं पाणी घ्या. स्वयंपाकघराचं तेलकट पाणी नकोच. चौघांच्या घराला ४ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल वाफा पुरतो. तळाला ४ इंच काँक्रीट, बाजूनं साडेचार इंची विटेची भिंत, आतून सिमेंटचा गिलावा. तळाला सुरुवातीपासून शेवटापर्यंत ४ सेंटिमीटर उतार. भिंतीचा काठ जमिनीच्या वर १० सेंटिमीटर ठेवा, म्हणजे अंगणातलं पावसाचं पाणी आत येणार नाही. खर्च कमी करायचा तर विटेऐवजी शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद चालतो. मात्र खाली दगड-काटक्या वेचून इंचभर वाळू आणि त्यावर जुनी पोती अंथरा, आणि मोथा नसल्याची खात्री करा. मोथ्याचा कोंब टोकदार असतो, तो प्लॅस्टिक भोसकून वर येतो.

वाफ्याच्या आधी २ फूट लांब, रुंद, खोल अशी गाळटाकी. केस, साबणाचा साका तिथं बसतो आणि दर पंधरा दिवसांनी काढता येतो. ही टाकी वगळली तर खडी हळूहळू साक्यानं भरते, पाणी वर येतं आणि वास सुटतो. वाफा बिघडण्याचं पहिलं कारण हेच. टाकीवर घट्ट झाकण हवं, नाहीतर डास तिथंच होतात.

वाफ्यात पाणी शिरतं आणि निघतं त्या दोन टोकांना फूटभर लांबीत मुठीएवढे दगड. मध्ये अर्धा ते पाऊण इंची धुतलेली खडी, ५० सेंटिमीटर जाडीची. सगळं धरून पाऊण ब्रास, म्हणजे ७५ घनफूट होईल. खडी न धुता टाकली तर भुकटी तळाशी जाऊन बसते आणि निचरा बुजतो. पाणी निघण्याच्या टोकाला ३ इंची पीव्हीसी पाइप तळातून बाहेर आणा आणि त्याला वर वळवलेलं एल्बो (काटकोनी जोड) बसवून त्यात पाइपाचा उभा तुकडा घाला, एल्बो चिकटवू मात्र नका, म्हणजे फिरवून पाण्याची पातळी कमी-जास्त करता येते. पातळी कायम खडीच्या ४ इंच खाली ठेवायची. उघडं पाणी कुठं दिसलंच नाही तर डास अंडी घालणार कुठं? बाहेर पडलेलं पाणी केळीला किंवा कर्दळीला सोडा. कच्च्या खायच्या पालेभाजीला देऊ नका.

अशा वाफ्यात साधारण ६०० लिटर पाणी मावतं, कारण खडीच्या फटींतच काय ती जागा असते. माणशी ५० लिटर धरले तर पाणी आत तीन दिवस थांबतं, निवळायला तेवढं हवं. आता छताच्या पाण्याचा पाइप यात सोडला तर काय होईल ते बघा. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर ५० मिलिमीटर पाऊस पडला की साडेचार हजार लिटर पाणी होतं, आणि जुलैत आपल्याकडं असा दिवस काही नवलाचा नाही. वाफा धुऊन निघेल, साका आणि बी दोन्ही ओहोळात. छताचं पाणी वेगळं काढा. न्हाणी धुताना ॲसिड किंवा ब्लीचिंग वापरत असाल तर त्या वेळचं पाणीही बाजूला वळवा, मुळांवरचे जिवाणू मेले की वाफा नुसती खडी उरतो.

रोपं दीड फुटावर, दोन ओळींत, म्हणजे १६ लागतात. एका भरलेल्या कुंडीचे कोयत्यानं चार तुकडे होतात, प्रत्येकात दोन-तीन दांडे आणि एक कोंब असला की झालं. बाकीची छत्र्यांपासून बादलीत करून घ्या. माती धुऊन टाकून मुळं थेट खडीत रोवा. पहिले पाच-सहा आठवडे एल्बो फिरवून पाणी खडीच्या इंचभर खालपर्यंत वर ठेवा, मुळं धरली की हळूहळू खाली न्या. लावणीला रोहिणी नक्षत्र उत्तम, वळवानं हवा दमट झालेली असते आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत मुळं धरतात. भर जुलैत लावलं तर ऊन नसतं, रोपं नुसती उभी राहतात. इथं खत द्यायची गरज नाही, पाण्यातच पुरेसं असतं.

पपायरसची गोष्ट उंचीची आणि वाऱ्याची. सायपेरस पपायरस ८ ते १२ फूट सहज जातं आणि वरचा झुबका जड असतो. जून ते ऑगस्ट आपल्याकडं वारा पश्चिमेकडून येतो, पावसानं भिजलेला झुबका घेऊन दांडा मुळाशी मोडतो. तेव्हा गेट पश्चिमेला असेल तर पपायरस तिथं नको. घराच्या पूर्वेला किंवा ईशान्येला, सकाळपासून दुपारपर्यंत सहा तास ऊन मिळेल अशी जागा बघा. सावलीत ठेवलं तर दांडे लांबतात, कोवळे राहतात आणि वारा नसतानाही झुकतात. युरिया घातला तरी तेच होतं.

भांडं म्हणून २०० लिटरचा प्लॅस्टिकचा पिंप आडवा अर्धा कापा. रसायनाचा किंवा औषधाचा नको. व्यास ५८ सेंटिमीटरच्या आसपास आणि उंची ४४ मिळते. तळाला भोक पाडायचं नाही. बाजूला तळापासून ३५ सेंटिमीटरवर बोटाएवढं एक भोक पाडा आणि त्यावर आतून नायलॉनची जाळी लावा. आत तीन भाग तांबडी माती, दोन भाग काळी, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, असं ३२ सेंटिमीटरपर्यंत. सहा-सात घमेली लागतात. ताजं शेण पाण्याखाली सडतं, बुडबुडे येतात, मुळं काळी पडतात. कोकोपीट तरंगतं, तेही नको. वर दीड इंच खडी. पाणी भोकाशी येऊन थांबतं, खडीच्या वर कधीच येत नाही, इथंही डासांचा प्रश्न मिटतो. भरल्यावर हे भांडं दीडशे किलोच्या घरात जातं. जागेवर ठेवून मगच भरा, आणि गच्चीवर ठेवायचं असेल तर बीमच्या वरच. मातीच्या कुंडीचा विचार करू नका, दुसऱ्या वर्षी खोडाच्या रेट्यानं तडकते.

एप्रिल-मेमध्ये मोठं झालेलं पपायरस दिवसाला आठ-दहा लिटर पाणी पितं, रोज बघावं लागतं. भांड्यातल्या झाडाला मार्च ते सप्टेंबर महिन्यातून एकदा १९:१९:१९ खत, ५ लिटर पाण्यात ५ ग्रॅम, एवढं बास. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा काही देऊ नका. दर दोन वर्षांनी फेब्रुवारीअखेर गोळा बाहेर काढून करवतीनं चिरा, बाहेरच्या कडेचा कोंबांचा चतकोर ठेवा आणि मधला जुना भाग काढा. नवे कोंब नेहमी कडेलाच असतात, मधला भाग पोकळ झालेला असतो. वाफा बांधायचा नसेल तर अंब्रेला पामलाही असाच अर्धा पिंप चालतो, जमिनीत पुरून काठ दोन इंच वर ठेवायचा. त्याला तीन-चार तासांचं ऊनही पुरतं. फक्त काठावरून बाहेर ओणवलेले दांडे पावसाळ्यात महिन्याला एकदा कापत जा.

केरेक्सबद्दल फार बोलायला नको, ते मुळात आक्रमक नाही. जपानकडचं झाड, फूटभर उंचीचा झुपका, जागच्या जागी राहतं. त्याला सकाळचं कोवळं ऊन आणि निचऱ्याची, तरी ओलसर माती लागते. दुपारच्या उन्हात पट्टे करपतात. वाफा जमिनीपासून ४ इंच उंच करा, रोपं ९ इंचांवर लावा. काळ्या मातीत ते जुलै-ऑगस्टमध्ये बुंध्याशी कुजतं, तिकडं कुंडीतच बरं. अंब्रेला पामच्या शेजारी मात्र लावू नका, दोघांची पाण्याची गरज जुळत नाही आणि मोठं लहानाला गिळतं.

पुढं काय बिघडू शकतं तेही सांगतो. शेंडे तपकिरी होणं हे बहुतेक वेळा पाणी तुटल्यानं किंवा बोअरच्या क्षारानं होतं. खडीवर पांढरा थर दिसला तर क्षार समजा आणि पावसाच्या पाण्यानं भांडं एकदा वाहतं करा. कोवळे दांडे पिवळट-पांढरे आले तर काळ्या चुनखडीच्या मातीत लोह मिळत नाहीये, चिलेटेड लोह १ लिटरला १ ग्रॅम फवारा. बुंध्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण, उन्हाळ्यात पानं धुरकट झाली तर कोळी. दोन्हींना पाण्याचा जोरदार फवारा चार-पाच दिवस रोज, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

छाटणी करताना दांडा मध्यावर कापू नका, तो पुन्हा फुटत नाही, नुसतं खुंट वाळत उभं राहतं. जुना दांडा थेट बुंध्याशी कापायचा. अंब्रेला पामच्या छत्र्या फुलोरा हिरवा असतानाच काढा, तपकिरी होईपर्यंत थांबलात तर बी गळालेलं असतं. फेब्रुवारीत बुंध्याच्या आतले एक तृतीयांश दांडे काढून हवा खेळती ठेवा, जनावराचीही भीती कमी होते.

पुढंमागं झाड काढायचं ठरलं तर दांडे वीतभर ठेवून कापा, भोवतीनं फूटभर खोल चर घ्या, पहारीनं गोळा उचकटा आणि कोंबाचा एकही तुकडा मागं ठेवू नका. काढलेलं सगळं एप्रिल-मेच्या उन्हात काँक्रीटवर तीन-चार आठवडे वाळवा. उकिरड्यात टाकलं तर पहिल्या पावसात तिथंच फुटतं आणि खताबरोबर शेतात जातं. पूर्ण वाळून मोडायला लागलं की आंब्याच्या आळ्यात आच्छादन म्हणून घाला. जागेवर पुढचा एक पावसाळा दर पंधरवड्याला नजर ठेवा आणि कोंब दिसला की खुरप्यानं मुळासकट काढा.